धरायला एक पाइप

प्रिय शेवंतामावशी,

काल सकाळी तुझ्या मोबाइलवर फोन केला. नेहमीसारखाच, कामापुरता. या वर्षीची मुलं टेकडीवर घेऊन येऊ का, एवढंच विचारायचं होतं. फोन तुझ्या सुनेने उचलला. "आई गेल्या ना मॅडम," सुनीता म्हणाली. "दोन महिने झाले. तुम्हाला कुणी कळवलं नाही?" मग म्हणाली, "पोरांना आणायचं तर आणा. मी असते घरी."

मला कोण कळवणार होतं? मी तुझी कोण? अंधेरीच्या कॉलेजातून आठ वर्षं घाटकोपरच्या टेकडीवर आर्किटेक्चरची मुलं घेऊन येणारी एक मास्तरीण. वस्तीचा अभ्यास म्हणजे तुझी गल्ली, तुझं दहा बाय बाराचं घर, तुझा चहा. काल फोन ठेवला आणि मी वर्गात जाऊन शिकवलं. नीट शिकवलं. त्याची आज लाज वाटते आहे, म्हणून हे पत्र.

घराचं माप घेताना टेपचं एक टोक तूच धरायचीस. "दरवर्षी मोजतास," एकदा म्हणालीस, "वाढला काय रे इंचभर तरी?" मुलं हसली. मीही हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं गं?

तीन वर्षांपूर्वी ऋचाची तुकडी होती. आठवते तुला ऋचा? चहात साखर नको म्हणायची आणि तरी तू घालायचीस, ती. त्या मुलांनी काढलेलं वस्तीचं ड्रॉइंग आम्ही तुला दाखवायला आणलं. तू चष्मा लावून बराच वेळ बघितलंस. मग बोट ठेवलंस. "ह्यो पायऱ्यो खयच्यो? सगळ्यो सारख्यो! आमच्यो पायऱ्यो इतक्यो शहाण्यो कधी झाल्यो?"

तुझ्या दारापासून खालच्या रस्त्यापर्यंत एकशे चौदा पायऱ्या. मुलांनी चढाची एकूण उंची मोजली होती आणि एकशे चौदाने भागली होती. कागदावर जिना सुंदर दिसत होता. तो तपासून मी त्यावर सही केली होती. वीस वर्षं शिकवते आहे मी, मावशी!

तू चपला घातल्यास आणि ऋचाला हाताला धरून खाली नेलंस. पाण्याच्या टाकीजवळची पायरी गुडघ्याएवढी. तिथे तू बसून उतरायचीस. तिच्या पुढची जेमतेम चार बोटं उंच, तिथे पाय फसतो. वळणावर दोन पायऱ्यांना धारच नाही, झिजून उतार झालेला. ऋचा वर आली तेव्हा घामाने निथळत होती. म्हणाली, "मॅम, आपण सगळं चुकीचं काढलंय." दुसऱ्या दिवशी एकटी आली आणि एकेक पायरी मोजून गेली.

ड्रॉइंग दाखवलं त्याच दिवशी तू मागितलंस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस. "माका तुमचा मोठा काम नको. धरूक एक पाइप लावा, वरपासून खालपर्यंत." मी म्हटलं, मावशी, पाइप तर तुम्ही गल्लीतलेच लावून घ्याल. तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी मुलांकडे बघते. गल्ली दोन हातांची, पाइप कुणाच्या ना कुणाच्या भिंतीतच ठोकावा लागणार. शेजाऱ्याला शेजारी कसा विचारणार? "तुमच्याकडे कागद आसा. कागद बघितलो की माणूस आयकता."

ऋचाने तोच प्रबंधाचा विषय घेतला. एक कठडा, टेकायला चार जागा, हंडा ठेवायला दोन कट्टे. कोणत्या भिंतीत कुठे भोक पडेल तेही तिने काढलं होतं. मी ते सगळं बघितलं आणि काय म्हणाले माहीत आहे? "ऋचा, हे दुरुस्तीचं काम आहे. यात डिझाइन कुठे आहे?"

ती एकदाच म्हणाली, "पण मावशींना हेच हवंय ना." मी म्हटलं, मावशी मार्क देणार नाहीत.

मग तिने समाजकेंद्र केलं. टेकडीवर तरंगणारं मोठं छप्पर, खाली वाचनालय, गच्चीवर भाजीपाला. परीक्षक खूश झाले. त्या दिवशी मी तुला कॉलेजात बोलावलं होतं. निळी साडी नेसून आलीस. मॉडेलभोवती दोनदा फिरलीस. पांढऱ्या पुठ्ठ्याची इवली माणसं बघून हळूच म्हणालीस, "ही माणसां खयची गो? एकाचाय वय झालला नाय!" शेजारी उभ्या परीक्षकांना ते फार आवडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना गेटपाशी विचारलंस, "पाइप खय?"

मी म्हटलं, पुढच्या वर्षी.

तू मला एक शिवी का दिली नाहीस? पुढच्या वर्षी पुन्हा चहा केलास. त्या वर्षी मुलांनी कागदावर वस्तीसाठी कचऱ्यापासून वीज केली. नंतरच्या वर्षी रोपवे. तेव्हा तू खाली उतरणं सोडलं होतंस. सुनीता म्हणाली, आईंना आता घरातच बरं वाटतं. मी ते वहीत लिहूनही घेतलं: वृद्धांचा वावर घरापुरता. निरीक्षण म्हणून!

काल मी सुनीताला विचारलं, कसं झालं? छातीत दुखायला लागलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. टाकीजवळ खुर्ची कलली, म्हणून तिथून एकाने पाठीवर घेतलं. "डॉक्टर म्हणाले उशीर झाला. पण ते काय, सगळ्यांनाच म्हणतात ना मॅडम." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पाइप असता तर तू वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. तेवढा मोठेपणासुद्धा मला नको. पण शेवटची दोन वर्षं तू बाजारात गेली असतीस. मच्छीवालीशी भांडली असतीस.

मी दमले आहे गं. दरवर्षी मुलं येतात, डोळ्यांत शहर बदलायचं स्वप्न असतं, आणि मी त्यांना ते मोठ्या कागदावर बदलायला लावते. काल संध्याकाळी ऋचाला फोन केला. ती आता टॉवरच्या लॉबी काढते. तू गेल्याचं सांगितलं. कधी, एवढंच तिने विचारलं. मग म्हणाली, "कठड्याचं ड्रॉइंग आहे माझ्याकडे. तुम्ही नापास केलेलं."

रविवारी आम्ही दोघी येतो. खालच्या पहिल्या भिंतीपासून सुरुवात करू. प्रत्येक दारात कागद उघडून विचारू, इथे एक भोक पाडू का? कुणी नाही म्हणेल. त्याच्याकडे पुढच्या रविवारी पुन्हा जाऊ. या वर्षीच्या मुलांना हेच काम असेल, आणि परीक्षकांना काय सांगायचं ते मी बघेन.

तुला दिलेला शब्द मी पाळला नाही, आणि आता तो तुझ्यापुरता पाळताही येणार नाही. पण सुनीता अजून भरली बादली घेऊन एका दमात वर चढते. तिचे गुडघे दुखायला लागायच्या आत तो पाइप लागलेला असेल.

तुझी,
वसुधा टीचर