सगळ्यात खालचा सूर

कॅझ,

'प्रिय' लिहायची सवय मोडलीय. आणि हे पत्र मी टाकणारही नाही, नाहीतर तू हरभऱ्याच्या झाडावर चढशील.

आपल्या चर्चमधला तो जुना पाइप ऑर्गन काढून इलेक्ट्रॉनिक बसवायचं घाटत होतं. मत द्यायला काल हालवर्सन नावाचा सूर लावणारा आला. तो पाइपांच्या जंगलात शिरला आणि बाहेर एकेक पट्टी दाबून धरायला मीच बसले, दुसरं कोण बसणार? तो आतून म्हणायचा, "पुढची, प्लीज." तिथूनच तू खेकसायचास, "ब्रोनिया, झोपलीस का?"

सगळ्यात खालचा सूर कानाआधी बाकातून अंगात चढला. तुझ्यावर कितीही चिडले असले तरी त्या सुराला माझे डोळे भरायचेच. कालही भरले.

हालवर्सन धुळीनं माखून बाहेर आला. "सूर जुळवायला एकाही पाइपचं तोंड ठोकून वाकवलेलं नाही! अख्ख्या शिकागोत असा हात पाहिला नाही. याला हलवलंत तर माझ्याशी गाठ आहे. कोण सांभाळायचं याला?"

"माझा नवरा," मी ताठ मानेनं म्हणाले.

आपला घटस्फोट झालाय, हे मला घरी येऊन कोट काढताना आठवलं.

ब्रोनिया