तिसरी मध्ये पडली, ती बाहेर

आधी त्या पंचाचं. बर्फावरच्या हॉकीत माझ्या नातीला, स्वरूपाला, त्याने मॅचमधून हाकललं. धक्काबुक्की दुसऱ्याच दोघींची. ही मैत्रिणीला सोडवायला धावली. त्या दोघी काचेच्या खोक्यात शिक्षा भोगून परत खेळल्या, आणि ही बाहेर! मी शिव्या घातल्या. मराठीत, म्हणून निभावलं.

नमस्कार. मी श्रीमती शेवंती चंद्रशेखर माईणकर, वय ७८, मूळची सांगलीची, हल्ली राहणार मुलाकडे, एदोगावा, टोकियो. शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर. कोणी धमकावलेलं नाही. तेवढी छाती या घरात कोणाची नाही. हे माझं मृत्युपत्र.

१. सांगलीचं घर मुलगा जयेश व मुलगी यामिनी यांना निम्मं-निम्मं.

२. पोळपाट-लाटणं सूनबाई उल्काला. पोळ्या आता बऱ्या करते. तोंडावर सांगणार नव्हते, म्हणून इथे.

३. स्वरूपाने घरी आल्यावर नियम सांगितला. "आजी, दोघी भांडल्या की दोघींना शिक्षा. सुरुवात करणारीला जास्त. पण तिसरी घुसली की सगळेच घुसतात. म्हणून तिसरी बाहेर."

"अगं, पण तू मदतीला गेलीस ना?"

"सगळ्या तेच म्हणतात, आजी."

त्याच रात्री हा कागद लिहायला घेतला. हे गेले तेव्हा मला कोणी न्यायचं यावरून भावंडं जुंपली. जयेश आधी बोलला, "तुला घर हवंय, म्हणून आई हवी." यामिनी म्हणाली, "आणि दादा, तुला फुकटची बाई." तासाभरात विझलं असतं. लहानपणापासून असेच भांडायचे, मग एका ताटात जेवायचे. मी मध्ये पडले. "लेकीच्या घरी पाणी प्यायची आमच्यात रीत नाही." कसली रीत? माझीच आई शेवटची वर्षं माझ्याकडे होती. मला विमानात बसायचं होतं. यामिनी भावाशी गप्प झाली, ती आजतागायत.

४. शिक्षा. मी तिसरी, मी बाहेर: माझ्यामागे "आई असं म्हणायची" हे दोघांपैकी कोणी काढायचं नाही. सुरुवात जयेशची, त्याला जास्त: माझा मोबाइल त्याला. यामिनी त्यावर मला रविवारी फोन करते, तेव्हा हा कचरा टाकायला जातो. रविवारी इथे कचरा नेत नाहीत. यामिनीला कमी: रविवारचा फोन तिने चालू ठेवायचा. नंबर बंद करायचा नाही.

सही: शेवंती चं. माईणकर
साक्षीदार, दोघेही शेजारचे: अरुण बर्वे, निशिगंधा बर्वे
एदोगावा, टोकियो. ९ नोव्हेंबर २०२५

सह्यांखाली कोणी काही घुसडू नये म्हणून उरलेली जागा साक्षीदारांसमोर मीच भरते: फोन वाजला की जयेशने उचलायचा. उल्काने नाही, स्वरूपाने नाही. जयेशने.