पळ्याच्या नावाला ओ

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा, म्हणजे कर्ण्याचा, साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला गेलो तर कंबर निम्म्यात अडकते आणि दोघांनी धरून उठवावं लागतं, म्हणून लेखीच गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? ताई म्हणाली, उजवा बरा आहे पण डावा रुसलाय. माझंही डावंच गेलं आहे, फक्त गुडघ्याऐवजी कान. तीस वर्षं लाऊडस्पीकर लावल्यावर दुसरं काय होणार? डॉक्टर म्हणाले, हा कान आता चष्म्याची काडी अडकवण्यापुरता. तुझी भाचेसून म्हणते, उजव्यानेही मी सोयीचं तेवढंच ऐकतो. तुझी औषधं वेळेवर चालू असतील अशी आशा करतो, आणि नसतील तर ताईला वेगळं पत्र टाकतो.

आता, फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तर आत्या, तो विषय फोनवर कुणी काढला की तू "दूध उतू चाललंय" म्हणून फोन ठेवतेस. एकोणीस वर्षांत तुमच्याकडे जेवढं दूध उतू गेलं तेवढ्यात एखादी डेअरी उभी राहिली असती. पत्राचं बरं असतं, ते मधेच ठेवता येत नाही. (येतं म्हणा. पण तू ठेवू नकोस. गॅस बंद करून मग वाचायला बस.) मी चौकातल्या स्मारकाबद्दल लिहितोय. हो, त्याच दिवसाबद्दल. यंदा मी तिथे होतो.

मी आपण होऊन गेलो नाही, मला बोलावणं आलं. दरवर्षी तिथे माईक लावणारे म्हातारे गृहस्थ मुलाकडे राहायला गेले, तेव्हा स्मारक समितीचे मेजरसाहेब स्वतः माझ्या दुकानात आले. तुला माझं दुकान माहीत आहे. तारांची भेंडोळी, स्पीकरचे फाटके पडदे, उघडी पडलेली मशिनं, आणि बसायला एकच स्टूल, ज्यावर मी बसलेलो. साहेब सत्तरी ओलांडलेले, पण बुटांना अशी पॉलिश की मी आधी बुटांना नमस्कार केला आणि मग वर पाहिलं. त्यांनी काम सांगितलं. चौतीस शहिदांची नावं वाचायची, त्यासाठी एक माईक. त्याआधी दोन मिनिटं शांतता, आणि त्या दोन मिनिटांत माझ्या यंत्रातून श्वाससुद्धा येता कामा नये. गाणं नाही, सूचना नाही, "हॅलो हॅलो, एक दोन तीन" नाही. आत्या, मी आजवर निवडणुका, सर्कस, कुस्त्या आणि गाद्यांचे सेल गाजवले, पण शांतता नीट लावून दे असं मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी मान डोलावली खरी, पण मनातून टरकलो. कर्कश्श आवाज कसा काढायचा ते मला झोपेतही येतं. हे कसं करायचं ते मी कुठे शिकलो होतो?

आदल्या दिवशी घरी सराव केला. तुझी भाचेसून घड्याळ घेऊन समोर बसली आणि मी तोंड मिटलं. चाळीस सेकंदांनी मी विचारलं, "झाली का दोन मिनिटं?" तिने कपाळाला हात लावला. मग म्हटलं, निदान बाकीच्यांना तरी गप्प करावं, म्हणून चौकभर हिंडलो. लाकडाच्या वखारीत जाऊन करवत थांबवायची विनंती केली, सलूनवाल्याला रेडिओबद्दल बजावलं, वर्कशॉपच्या फोरमनचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. सगळे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, जणू चोरच येऊन कुलूप नीट लावा म्हणून सांगतोय. पण फोरमन म्हणाला ते ऐकून मी जागीच थिजलो. तो म्हणाला, "आम्ही दरवर्षीच थांबतो. तूच कधी दिसला नाहीस." खरंच होतं ते. त्या दिवशी मला दरवर्षी बाहेरगावी काम असायचं. ते काम दरवर्षी मीच शोधून आणायचो, हे मी त्याला सांगितलं नाही. तुला सांगतो आहे.

सकाळी आठलाच पोचलो. आठ भोंगे चौकाच्या चारी बाजूंना बांधले, तारा कठड्याच्या कडेने नेल्या, आणि माझं मशीन ठेवायला जागा शोधू लागलो. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत कडेची एक खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर ठेवलं. इतर खुर्च्यांवर चिठ्ठ्या होत्या, हिच्यावरही असणार, पण मशीन ठेवल्यावर कोण बघतो? मेजरसाहेब आले. स्वतः वाकून त्यांनी ते पंधरा किलोचं धूड उचललं, बाजूच्या बाकावर ठेवलं, आणि खिशातून रुमाल काढून खुर्ची पुसली. आधी बैठक, मग पाठ, मग हात. मला वाटलं, साहेबांना स्वच्छतेचं वेड आहे.

दहाचे ठोके पडले आणि शांतता सुरू झाली. पहिल्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की माझं मशीन गुणगुणतंय. आत्या, तीस वर्षं ते गुणगुणत असणार आणि मला पत्ता नव्हता, कारण तीस वर्षांत त्याच्या आसपास कधी शांतता नव्हतीच. मी घाईघाईने सगळी बटणं खाली पाडली. आणि मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही, पण सांगतो. चौकात तीनशे माणसं होती आणि मला झेंड्याची दोरी काठीवर टक टक वाजताना ऐकू आली. एका म्हाताऱ्याची काठी फरशीवर किंचित सरकली, ती ऐकू आली. वखार गप्प होती. रस्त्यावर एक ट्रक उभा होता, त्याच्या ड्रायव्हरने इंजिन बंद करून खाली उतरून टोपी काढली होती, आणि त्याला तर कुणी सांगितलंही नसणार. माझा डावा कान मेलेला आहे ना, मी शपथेवर सांगतो, त्या कानानेही मला ती शांतता ऐकू आली. आजवर मी समजत होतो की माणसं जमली की गोंगाट होतो. माणसं जमून इतकं मोठं काहीतरी न बोलता करू शकतात, हे मला माहीत नव्हतं. चाळीस सेकंदांचा मी, दोन मिनिटं संपली तरी तोंड उघडायचं विसरून गेलो.

मेजरसाहेबांनी खूण केली तेव्हा भानावर आलो आणि धडाधड सगळी बटणं वर केली. सगळी म्हणजे सगळी. समोरच्या माईकचं बटण, भोंग्यांचं बटण, आणि माझ्या शर्टाला खोचलेल्या चाचणीच्या छोट्या माईकचंसुद्धा. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

नावं वाचायला आपल्या शाळेतल्या बाई होत्या. (हो, त्याच. अजून ठणठणीत आहेत, अजून चष्म्याच्या वरून बघतात.) तिथली रीत तुला ठाऊक असेल, मला नव्हती. नाव वाचलं की त्या घरातलं कुणीतरी उभं राहून "आहे" म्हणतं. एवढंच. एका आजोबांनी नाव पुरतं व्हायच्या आत "आहे" म्हटलं, जणू मधे कुणी दुसरा उत्तर देऊन टाकेल. सात-आठ वर्षांची एक मुलगी उभी राहिली आणि पणजोबांच्या नावाला अशा ठसक्यात "आहे" म्हणाली, जणू ते घरातून आत्ताच चहा पिऊन निघाले असावेत. आणि ज्याच्या घरात आता कुणीच उरलेलं नाही, त्याचं नाव आलं की सगळा चौक उठून एकदम "आहे" म्हणतो. तीनशे गळे, माईकशिवाय. माझे आठ भोंगे त्यापुढे खेळणी वाटले. अंगावर सर्रकन काटा आला, आणि मला वाटलं, आपण इतकी वर्षं गाद्या विकत होतो.

तेविसावं नाव आपल्या पळ्याचं होतं.

त्याचं पाळण्यातलं नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकलं, त्यामुळे क्षणभर कळलंच नाही की हे कोण. मग काहीच आवाज आला नाही. कुणी उठलं नाही. चौकही उठला नाही, कारण नियम असा आहे की घरचं माणूस हयात असेल तर त्याच्या वाटचं उत्तर दुसऱ्यांनी द्यायचं नाही. बाई मनात पाच मोजतात आणि पुढचं नाव घेतात. अशी एकोणीस वर्षं त्या पाच मोजत आल्या आहेत, हे मला नंतर कळलं.

आत्या, घर आवरून तू ताईकडे निघालीस तेव्हा ट्रंकेवर बसून मला काय म्हणाली होतीस ते आठवतं? म्हणालीस, "माझ्या पहिल्या हाकेला ओ द्यायचं ते पोर. आता चारचौघांत त्याला कुणी हाक मारणार आणि ओ येणार नाही, ते मला ऐकायचं नाही." म्हणून तू येत नाहीस, हे मला माहीत होतं. आणि तिथे मी तेच ऐकत उभा होतो. एक. दोन. तीन. चारपर्यंत मी तग धरला. मग माझ्या तोंडून, माझी परवानगी न घेता, बाहेर पडलं, "आलो गं आई, आलो!"

"आहे" नाही. "आलो गं आई." तेही बारा वर्षांच्या पोराच्या आवाजात, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शर्टाच्या माईकमधून, आठही भोंग्यांतून, थेट वखारीपर्यंत. टाऊन हॉलवरची कबुतरं उडाली. माझ्यासोबत आलेल्या तुझ्या भाचेसुनेने डोळे मिटले. मला वाटलं, आता मेजरसाहेब मला तिथेच कठड्याला बांधणार. पण कुणी हसलं नाही, आत्या. एकही माणूस हसला नाही. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि चोविसावं नाव वाचलं. पण त्याआधी त्यांनी हातातल्या यादीवर पेन्सिलीने एक खूण केली. शाळेत हजेरीला करायच्या तशीच.

कार्यक्रम संपल्यावर तारा गुंडाळत बसलो होतो, मान वर करायची सोय नव्हती. मेजरसाहेब वही घेऊन आले. प्रत्येक नावापुढे उत्तर कुणी दिलं ते त्यात लिहितात. त्यांनी विचारलं, तुम्ही त्याचे कोण? मी म्हटलं, मामेभाऊ. त्यांनी लिहिलं, "मामेभाऊ", आणि थोडा विचार करून पुढे कंसात, "तात्पुरते". मग त्या रिकाम्या खुर्चीवरची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर लिहिलं होतं, "आई". ती खुर्ची ते दरवर्षी मांडतात, पुसतात आणि परत उचलून ठेवतात. आणि मी तिच्यावर मशीन ठेवलं होतं. मी आयुष्यात खूप ठिकाणी शरमलो आहे, पण इतका नाही. चिठ्ठी पत्रासोबत पाठवतो आहे.

बाकी इकडे सर्व क्षेम आहे. मशीनची गुणगुण दुरुस्त केली. आता रोज जेवण झाल्यावर मी दोन मिनिटं गप्प बसतो, त्याने घरात सगळे घाबरले आहेत. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, तुझ्या डाव्या गुडघ्याला माझ्या डाव्या कानाची विचारपूस.

तुझा,
कर्णा

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे चार वेळा लिहून खोडली. पळ्याचा तो आवाज मला इतका हुबेहूब कसा काढता आला, असं तुला वाटलं असेल. बाईंना नाही वाटलं, त्या जाता जाता माझ्या कानाशी (उजव्या) म्हणाल्या, "अजून तस्साच काढतोस." आत्या, तू संध्याकाळी मागच्या दारातून आम्हा दोघांना एका दमात हाक मारायचीस, तेव्हा पळ्या बहुतेक वेळा तिथे नसायचाच. तो छावणीच्या भिंतीवर बसून जवानांची कवायत बघत असायचा. आधी मी माझ्या आवाजात ओ द्यायचो, मग त्याच्या आवाजात. तो भिंतीवरून उडी मारून, शेताडीतून पळत, तू ताटं वाढेपर्यंत पोचायचा. म्हणून तर तो पळ्या. तुझ्या पहिल्या हाकेला ओ देणारं ते पोर मी होतो. मी गप्प राहिलो असतो तर तू त्याला शोधत गेली असतीस, कान धरून आणलं असतंस, आणि तो कदाचित फौजेत न जाता आज इथे गुडघे दुखतात म्हणून कुरकुरत बसला असता. एकोणीस वर्षं मी त्या चौकात का गेलो नाही ते हे आहे. रागाव. रागावलीस तरी चालेल, पण फोनवर रागाव, आणि दुधाचं कारण सांगू नकोस.

ता. क. २. पुढच्या वर्षी तू यावंस. मी गाडी घेऊन न्यायला येईन. मी दिलेलं उत्तर वहीत तात्पुरतं म्हणून लागलेलं आहे, आणि मेजरसाहेब ते दुसऱ्यांदा चालवून घेतील असं वाटत नाही. तुला "आहे" म्हणावंसं वाटलं नाही तर म्हणू नकोस. नुसती त्या खुर्चीवर बस. बाईंना पाच मोजायला माणूस समोर असलं की बरं वाटेल.

ता. क. ३. आणि त्याआधी घरी येशील तेव्हा बेल वाजवू नकोस, बिघडली आहे. (लाऊडस्पीकरवाल्याच्या घरी असंच असतं.) फाटकातूनच हाक मार, पूर्वीसारखी, दोघांची नावं एका दमात घेऊन. दोन्ही ओ मी देईन. फरक एवढाच, की या वेळी तुला ठाऊक असेल.