एका महिन्यापुरतं

बुधवार, २ डिसेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. चार महिने पत्र नाही, म्हणून आधीच कान पकडते. फोनवर तू "बोल" म्हणालीस की मी भाजी काय केली तेच सांगत बसते, म्हणून आज कागद घेतला. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, तर त्यांच्या वर्तमानपत्राची जागा खालीच कर. नाहीतर ते चढणारच.

दुकान झकास चाललंय. कोटांच्या बाह्या, पॅंटच्या चेनी, पडद्यांची उंची, सगळं येतं. लोक नवं शिवायला नाही, पण जुनं टिकवायला खूप येतात गं. छोट्या धंद्यांच्या सल्ला केंद्रातल्या बाई म्हणतात, तुमच्यासारखं जोडपं विरळा. ह्या बाई फुकट सल्ला देतात, पण पोलिसासारखे प्रश्न विचारतात. तुझ्या लाडक्या मेहुण्यांना त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुकानाची कल्पना माझी होती, हे तुला माहीत आहे. कपड्यांचा कारखाना बंद पडला आणि ह्यांच्यासारखा कापणारा माणूस घरी बसला. सतरा वर्षं सकाळी गेलेला माणूस संध्याकाळीच दिसायचा. मी म्हटलं, आपण दोघं मिळून काढू. खरं सांगू? मला दुकानाची एवढी हौस नव्हती. दिवसभर एका टेबलाच्या ह्या बाजूला मी आणि त्या बाजूला हे, एवढंच डोळ्यांसमोर होतं.

पण पहिल्या महिन्यात आम्ही इतके भांडलो की विचारू नकोस. त्यांनी खडूने खूण करायची, मी पुसून दुसरी करायची. एकदा एका गिऱ्हाइकाने आपला कोट आमच्या हातातून ओढून घेतला आणि चालू लागला. तेव्हा बाईंनी तोड काढली. सकाळी सात ते दोन ह्यांनी दुकानात बसायचं, दोन ते नऊ मी. काय काम राहिलंय ते वहीत लिहायचं, दुसऱ्याने वाचलं की खाली 'पाहिले' लिहून सही करायची. भांडण बंद झालं, काम दुप्पट झालं. दुपारी हे कपडे पोचवायला जातात. मी दुकान बंद करून वर घरी येते तोवर ह्यांचा डोळा लागलेला असतो.

ऑगस्टात मला ताप होता. निळ्या कोटाच्या आणि करड्या पॅंटच्या मध्ये मी वहीत लिहिलं, 'मला कालपासून ताप आहे.' दुसऱ्या दिवशी खाली होतं, 'पाहिले', सहीसकट. मशीनवर गोळ्यांचं पाकीटही ठेवलेलं होतं. वाईट नाहीत गं ते. पण कपाळाला हात लावून बघायला कोणी नव्हतं.

आता खरी गोष्ट. काल बाई आल्या होत्या. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक गाळा मिळतोय. दोन दुकानं, एकेकाने एकेक सांभाळायचं. कागद वाचायला मी चष्मा लावला, तर हे बाईंच्या देखत म्हणाले, "तुला चष्मा कधी लागला?"

"ऑगस्टात," मी म्हटलं. "कामापुरता लावते."

बाई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागल्या. "तुम्ही अजून वेळा वाटूनच बसता? अहो, मी एका महिन्यापुरतं सांगितलं होतं!"

हे खडूचा तुकडा बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, हिला हेच बरं पडतंय."

ताई, मला महिना आठवत होता. मी दिवस मोजले होते. एकतिसाव्या दिवशी सकाळी केस नीट विंचरून दहा वाजता खाली गेले. ह्यांनी मान वर केली, म्हणाले, "तुझी वेळ दोनची ना?" साधं विचारलं होतं. मी "हो, विसरलेच" म्हणाले आणि वर आले. तेवढं एक वाक्य पुढे बोलले असते तर! पण मला वाटलं, माझ्याशिवाय ह्यांना शांत वाटतंय. दोघांनी एकमेकांवर उपकार केल्यासारखे सात महिने काढले.

बाई गेल्यावर तरी बोलायचं ना? हे कपड्यांची पिशवी उचलून निघून गेले. मी मशीनवर बसले. एकाच पॅंटची खालची शिवण तीनदा उसवली.

गाळ्याचं उत्तर उद्या द्यायचंय. ह्यांनी सही केलीय. माझी जागा कोरी आहे. आत्ता निदान जिन्यात गाठ पडते, मी सही केली की तीही संपेल. नाही म्हटलं तर एवढी चालून आलेली संधी मी लाथाडली असं होईल, आणि हे "का?" म्हणून विचारतील. त्या "का"चं उत्तर सकाळपासून भिंतीला सांगून बघतेय. लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी तोंडातून निघत नाही. लाज वाटते. लोक म्हणतील, नवरा एका जिन्याच्या अंतरावर असताना हिला काय झालंय!

म्हणून आधी तुला लिहून बघते. हसू नकोस. मला ह्यांच्याशिवाय करमत नाही.

लिहिलं बाई एकदाचं. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत. खालून मशीनचा आवाज येतोय. ह्या पत्राला उत्तर पाठवू नकोस, ते यायच्या आत मला खाली जाऊन हेच तोंडाने बोलायचंय. आणि ऐकून ते नुसते "बरं" म्हणाले, तर मात्र तुझ्याकडे येईन. का आले ते विचारू नकोस.

तुझी,
घाबरलेली धाकटी