खिंड हजार वर्षं बंद आहे

३ मार्च, सोमवार
आजपासून ऑफिसात चिडायचं नाही.
आमच्या गेममधलं बर्फाचं खोरं मी रचलं. हजार वर्षांपूर्वी दरड कोसळली, खिंड बंद झाली, येणं-जाणं संपलं. इतकं साधं आहे. आणि चित्रकार बाईंनी गावकरी काढलेत एक गोरा, एक सावळा, लोहारीण तर चांगली काळीभोर. पिढ्यान्‌पिढ्या कोंडलेली माणसं एका रंगाची नकोत? माझा रंगाला विरोध नाही, विसंगतीला आहे. हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा जरा मोठ्याने.

४ मार्च, मंगळवार
बाई म्हणतात, तुमच्या खोऱ्यात उडणारी डुकरं चालतात, मग लोहारणीचंच काय खुपतं? हा काय वाद झाला? डुकरं का उडतात यावर माझी नऊ पानं आहेत. कोणी वाचेल तर शपथ.

६ मार्च, गुरुवार
साहेबांना पटलं. म्हणाले, नियम लिहून द्या, सगळ्यांना सारखा लावू. कष्टाचं चीज झालं. खोऱ्यातले सगळे गोरेपान. अपवाद नाही. खाली दोन रेघा मारल्या.
आईचा फोन. नायकाला माझा चेहरा देणार, हे तिने मावशीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितलंय. माझ्याबद्दल सांगण्यासारखं पहिल्यांदाच काहीतरी मिळालं, म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार
नियम लावला. पहिल्याच फटक्यात नायक बाद.
बाईंनी माझा फोटो आणि माझा नियम शेजारी शेजारी ठेवले. फोटोत लाइट खराब होता. मी गव्हाळ आहे, घरात तर जवळजवळ गोराच. बायकोला विचारलं. ती म्हणाली, जेवून घ्या.

१० मार्च, सोमवार
तोडगा सापडला. नायकाला तान्हा असताना व्यापाऱ्यांनी खिंडीतून आणलं. बाईंनी विचारलं, खिंड बंद आहे ना? म्हटलं, एका माणसापुरती फट आहे. मग लोहारीणही तिथूनच आली म्हणा की, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, ती त्या फटीत मावणार नाही. साहेब मागेच उभे होते.
न चिडण्याचं उद्यापासून.

१२ मार्च, बुधवार
चेहरा गेला तर आईला काय तोंड दाखवू? सगळं त्या लोहारणीमुळे.

१४ मार्च, शुक्रवार
साहेबांचा निकाल. नियम रद्द, खिंड उघडी. गेम खेळून बघणाऱ्यांना लोहारीणच सगळ्यांत जास्त आवडली, तेव्हा नायिका तीच. निदान चेहरा कुठेतरी घ्या, मी म्हणालो. जवळजवळ विनवलंच. बाई म्हणाल्या, बघते.
बघितलंच पाहिजे. शेवटी जग माझं आहे.

२० एप्रिल, रविवार
गेम आला. आईला घरी बोलावून दाखवला.
बाईंनी मला खिंडीच्या तोंडावर पहारेकरी केलंय. हातात भाला. एकच वाक्य आहे, 'खिंड बंद आहे.' दिवसभर तेच म्हणतो. शेजारून व्यापारी, बाया, पोरं, डुकरं, सगळे आत जातात.
आईने लगेच ओळखलं. रंग अगदी तुझाच उतरलाय, म्हणाली. मग हळूच विचारलं, इथेही तुझं कोणी ऐकत नाही का रे?
मी सांगितलं, त्यांनी ती नऊ पानं वाचलेली नाहीत.