सूरजबाईंनी वाचवलेले कांदे

ती. भिवाजी मामांस, जानरावचा सविनय जयभीम. मामीचे गुडघे कसे आहेत? गोऱ्ह्याच्या मानेची सूज उतरली का? मी वाशीमले खुशाल आहे. खोली जाता जाता राह्यली, पण आता परीक्षा जाऊन राह्यली.

झालं असं. लखमीचंद शेटजींनी खोली देतानाच बजावलं होतं, आमचं जैनाचं घर, इथं कांदा शिजणार नाही. म्या मनात म्हटलं, शिजवत नाही ना, मंग पाण्यावर ठेवाले काय हरकत? (कॉलेजात प्रॅक्टिकलले कांद्याच्या मुळ्या लागतात.) तीन गिलासांवर कांदे बसवले, मुळ्या फुटल्यावर पाण्यात सरांनी देल्लेलं औषध टाकलं. सकाळी पाहतो तर शेटाणी सूरजबाई खिडकीत उभ्या!

गप बसावं का नाही? पण मले विद्वत्ता सुटली. सांगतलं, बाई, हे खायचे नाहीत. मुळीच्या टोकात हजारो जिवंत पेशी आहेत, एकीच्या दोन होतात, ते पाह्यचं आहे. बाईंनी कपाळाले हात लावला. "हजारो जीव! आमी दुसरं काय सांगून राह्यलो आजवर?" मी आणखी पुढं गेलो. पेशी दुभागताना आतले धागे दोघींत सारखे वाटले गेले पाह्यजेत. औषधानं ती वाटणी बिघडते, एकीले जास्त, एकीले कमी. मंग अशी पेशी जगत नाही, आतल्या आत आवरून घेते अन् मरते.

"अन् त्या बिचाऱ्यांचं बिघडवलं कोनं?"

खोटं बोलवलं नाही मामा. म्हटलं, म्या.

मी वळकटी बांधाले घेतली. पण बाईंनी औषधाचं पाणी फेकलं, कांदे चिमट्यानं उचलून दुसऱ्या गिलासांवर ठेवले, अन् आता रोज स्वतः गाळलेलं पाणी घालतात. नव्या मुळ्या अशा तरारल्या की एक पेशी मराले तयार नाही! सोमवारी परीक्षेत सरांले मेलेल्या पेशी दाखवाच्या आहेत, अन् मुळीले ब्लेड लावलं तर खोली गेलीच समजा. मले लई भेव लागून राह्यलं.

तुमचा भाचा,
जानराव

ता. क. मामीले म्हणा, आजच चार कांदे पाण्याच्या कपांवर बसव. शनिवारच्या गाडीनं मी तुमच्याकडं जऊळक्याले औषध घेऊन येतो. मंग त्या कपांत कोनी चहा पिऊ नका.

आणखी एक. माझ्यासंगं सूरजबाई बी येऊन राह्यल्या. वाचवलेले कांदे तुमच्या वावरात लावायचे अन् कधीच उपटायचे नाहीत, असं म्या तुमच्या वतीनं कबूल केलं आहे. कपांवरचे तेवढे चुलीमागं लपवा. बाई दरसाल पाहाले येतो म्हणतात.