त्याला परत पाठवू नका

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर घसा बसलाय म्हणालो, ते अर्धंच खरं होतं. घशात गाठ आहे आणि ती चांगली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. मी विचारलं, थोडासा तरी? त्यांनी नाही अशी मान हलवली. जन्मल्याबरोबर दवाखाना डोक्यावर घेतला म्हणून तुम्ही मला भोंगा म्हणायला लागलात. आता दुसरं नाव शोधा.

ऑपरेशनपर्यंत स्टुडिओत बसून आपल्या खुन्याच्या मराठी डबिंगचे जमतील तितके भाग उरकतोय. त्या परदेशी मालिकेत तो अखेर पकडला गेलाय. मेहुण्याला मारून ज्या देशात पळाला, तिथल्याच कोर्टात त्याच्या प्रत्यार्पणाचा खटला उभा राहिलाय. मायदेशी पाठवला तर फाशी ठरलेली. निकालाआधी न्यायाधीश विचारतात, काही सांगायचंय का? तो म्हणतो, मला इथेच राहू द्या. तिथपर्यंत माझा आवाज. निकालापासून दुसरा कुणी बोलेल. आज ते वाक्य झालं. दिग्दर्शक म्हणाले, कंप छान आणलास. मी म्हटलं, फुकट मिळाला.

आईला सांगू नकोस. डोळे गेल्यापासून तिच्यासाठी मी म्हणजे आवाजच. बाहेरगावी गेलोय, तिथून फोन लागत नाही, असं काहीतरी सांग.

लोभ असू दे, ओरडा नंतर.
तुझा,
भोंगा


२ जुलै

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद. नाव बदलायचं नाही, हे आधी सांगते.

दवाखान्यातली तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. सुटलास, एवढं पुरे. आईचे कान तिखट, म्हणून मी मोरीत नळ सोडून रडून घेतलं. तर बाहेरून विचारते, किती पाणी सांडतेस गं?

तुझा खुनी लागला की घरात कुणी खोकायचं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, असल्याला लटकवायलाच हवं. झालं, आईनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. म्हणते, केला असेल खून, पण बोलतो किती मायेनं! काल तू ‘मला इथेच राहू द्या’ म्हणालास तेव्हा ती टीव्हीकडे हात करून म्हणाली, त्याला परत पाठवू नका.

मग हळूच मला तुझ्याबद्दल विचारलं, तो माझ्यावर रागावलाय का? मी खोटं बोलून बोलून थकले रे.

जपून राहा.
तुझी ताई


९ जुलै

चि. भोंग्यास,
आशीर्वाद.

काल निकाल लागला. परत पाठवायचं ठरलं. खुनी बोलायला लागला आणि मटार सोलता सोलता आईचा हात थांबला. टीव्ही बंद कर म्हणाली. मला वाटलं, निकालाचं वाईट वाटलं. तर म्हणते, हा माझा नाही.

मटारांचं ताट बाजूला सारलं. मग एकच विचारलं, जिवंत आहे ना? इतके दिवस हे पोटात घेऊन बसली होती, भोंग्या. मला पुढे खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं.

रडली नाही. फोन लाव म्हणाली. मी म्हटलं, त्याला बोलता येत नाही गं. तर माझ्यावरच डाफरली, की तान्हा होता तेव्हा तरी कुठे बोलत होता? मी बोलतच होते ना!

रविवारी दुपारी फोन वाजेल. उचल.
ताई


१४ जुलै

ती. ताईस,
नमस्कार.

आई काय बोलली ते तू शेजारी बसून ऐकलंसच. इकडचं तेवढं सांगतो. सकाळीच दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, जणू तिला दिसणार होतं. तिनं मटार किडके निघाल्याचं सांगितलं, काकूंशी पुन्हा बोलणं सुरू झाल्याचं सांगितलं. मग खुन्याचा विषय काढला. म्हणाली, पाठवलं तर पाठवलं. तिकडे त्याची आई असेल, तिला एकदा भेटेल तरी. तेव्हा मी रिसीव्हर छातीशी धरला, थोडा वेळ.

पुन्हा कानाला लावला तर ती विचारत होती, जेवलास का? आणि सवयीनं उत्तरासाठी थांबली.

मी तोंड उघडलं. हो म्हणालो. ताई, दोनदा म्हणालो. गळ्याच्या भोकातून नुसती हवा गेली. मग तीच म्हणाली, बरं.

तिला सांग, मी खरंच जेवलो होतो.

तुझा,
भोंगा